दहावा चेहरा

केजच्या बसस्टँडमधून बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर सोमेश्वरचं पत्र्याचं दुकान होतं. वर 'सोमेश्वर आर्ट्स' अशी पाटी आणि त्याखाली त्याला काय काय येतं ते बारीक अक्षरात: दुकानाचे बोर्ड, नंबर प्लेट, ट्रॉलीवरची नावं, लग्नघराच्या भिंती, गणपती, पोळ्याचे बैल, शाळेच्या भिंती, फोटोवरून चित्र. यादी एवढी लांबली होती की शेवटच्या दोन ओळींना पाटी पुरली नाही. त्या त्यानं दारावर लिहिल्या होत्या.

"येतं का?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला सोमेश्वरनं पंधरा वर्षांत एकदाही "न्हाई" म्हटलं नव्हतं. एकानं विचारलं, विहिरीच्या आत, पाण्याच्या वर हातभर, देवी काढशील का? कमरेला दोर बांधून लोंबकळत त्यानं देवी काढली. फ्लेक्स आल्यावर बोर्ड गेले, मग स्टिकर आले आणि नंबर प्लेटही गेल्या. तसतशी पाटीवरची यादी वाढतच गेली.

पण लोकांना हे दुकान ठाऊक होतं ते वेगळ्याच कारणानं. घरात कुणी वारलं की माणसं त्याच्याकडं फोटो घेऊन यायची. तेराव्याच्या आत पाटीवर ऑइलपेंटचा चेहरा तयार लागायचा. निळी पार्श्वभूमी, रंगानंच काढलेला झेंडूचा हार, खाली नाव आणि दोन तारखा. चित्र झालं की सोमेश्वर ते दुकानापुढच्या लाकडी घोड्यावर, म्हणजे तिपाईवर, उन्हाला लावायचा. एसटीतून उतरलेली बाई पदर सावरत आधी तिकडं बघायची आणि जागच्या जागी थबकायची. "अगं बया, वनमाला गेली? परवा तर बाजारात भेटली हुती!" त्या घोड्यावर वाळणारा चेहरा म्हणजे मेलेलं माणूस, यात कुणाला कधी शंका आली नाही आणि ते कधी खोटंही ठरलं नाही.

सोमेश्वरचं वय चौतीस. त्याचे आईबाप अजून ऊसतोडीला जात होते. दिवाळी झाली की कोल्हापूरकडं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. त्यानं स्वतः हातात कोयता धरला नाही, कारण त्याला चित्र काढता येत होतं, आणि हे त्याच्या आईला, छबुबाईला, सगळ्या टोळीला सांगायला फार आवडायचं.

मागच्या वर्षी त्याला पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात मोबाइलवर दिसली. गावाकडच्या एका चित्रकाराला वर्षभर राहायला खोली, रंगाचं सामान, महिन्याला मानधन. दहा चित्रं ऑनलाइन पाठवायची. वयाची अट पस्तिशीच्या आत. त्यानं पाटीवरच्या यादीतलं एकेक उचलून पाठवलं. एक बैल, एक गणपती, एक ट्रॉली, लग्नघराच्या भिंतीवरचे भालदार-चोपदार, विहिरीतली देवी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आपला हात सफाईदार आहे. मात्र या दहा चित्रांत आपण स्वतः नेमके कुठे आहात, हे आम्हाला कळू शकले नाही.'

ते वाक्य त्याला पाठ झालं. आंघोळ करताना, रंग ढवळताना ते आपोआप डोक्यात यायचं. राग यायचा आणि रागाच्या तळाशी भीती असायची, की हे खरं असलं तर?

यंदा पुन्हा अर्ज निघाला. शेवटची तारीख एकतीस डिसेंबर, संध्याकाळी पाच. मार्चमध्ये त्याला पस्तीस पुरी होणार होती, म्हणजे ही शेवटची संधी. त्याचा मित्र प्रविण याचं पलीकडच्या गल्लीत फ्लेक्सचं दुकान होतं. डिझाइन करायला त्याला माणूस हवा होता.

"तू फॉर्म भर," प्रविण म्हणाला, "मी निकाल लागंपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. पण भरला न्हाईस तर एक तारखेला गप येऊन बसायचं. पत्र्याला कुलूप. कबूल?"

"कबूल."

"आन ह्या टायमाला पन्नास प्रकार टाक बे. गिऱ्हाईक आलं की आपन सगळी क्याटलॉगं पुढं टाकतो का न्हाई?"

बायको करिष्माचं म्हणणं उलट होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बैल काय, कुनीबी रंगवतं. मेलेलं मानूस घरात परत आनून बसवता ते तुमीच. तेवढंच धाडा."

सोमेश्वरला ते पटलं. त्यातही ऊसतोडीच्या बायकांचे चेहरे धाडायचे त्यानं ठरवलं, कारण ते खऱ्या अर्थानं त्याचे होते. या बायकांचा दुसरा फोटोच नसायचा. आधार कार्डाची झेरॉक्स यायची, तिचीही कधी झेरॉक्स. कपाळ पांढरं, गाल काळे, डोळ्यांच्या जागी शाईचे दोन डाग. तो नवऱ्याला विचारायचा, "कशी दिसायची?" नवरा खाली बघत म्हणायचा, "चांगली हुती." एवढ्यावर सोमेश्वर चेहरा उभा करायचा. घरातल्या बाया तो बघून हंबरडा फोडायच्या, तेव्हा त्याला वाटायचं, जमलं.

अडचण एकच होती. तयार चित्रं घरोघरी गेलेली, आणि त्याच्याजवळ त्यांचे फोटो नव्हते. आपलं खरं काम हे आहे असं त्याला तोवर वाटलंच नव्हतं, मग फोटो कोण काढून ठेवतो? नोव्हेंबर-डिसेंबरात तो मोटरसायकलवर वस्त्या फिरला. निम्म्या घरांना कुलपं. माणसं उसाच्या फडात, चित्रं आत अंधारात भिंतीवर. जिथं म्हातारी माणसं मागं राहिली होती तिथं दार उघडलं. सावित्रीबाई नावाच्या म्हातारीनं सुनेच्या चित्रावरची धूळ पदरानं पुसून दिली. सत्यभामाच्या घरी पाटीखाली तिच्या लेकरांची दप्तरं टांगलेली होती. असे करत करत तीस तारखेपर्यंत नऊ चेहरे जमले. दहावा काही केल्या मिळेना. तीन वस्त्यांवर तीन कुलपं लागली आणि परत येताना मोटरसायकल पंक्चर झाली.

त्या रात्री त्यानं दहावी पाटी हातात घेतली. घरात एका ऊसतोडीच्या बाईची आधार कार्डाची झेरॉक्स होती. त्याच्या आईची.

रंगवताना त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण दहाही चित्रं एका जातीची दिसायला हवी होती, म्हणून त्यानं निळी पार्श्वभूमी दिली, झेंडूचा हार काढला, खाली वळणदार अक्षरात 'छबुबाई' लिहिलं. तारखांची जागा मात्र कोरी सोडली. एवढं केलं म्हणजे झालं, असं त्यानं मनाला समजावलं.

एकतीसला सकाळी त्यानं प्रविणच्या कॉम्प्युटरवर नऊ फोटो चढवून ठेवले. दहा झाल्याशिवाय 'सादर करा' हे बटण दाबलं जात नव्हतं. इकडं थंडीनं आईच्या चित्राचा रंग वाळत नव्हता. दुकानातल्या दिव्याखाली फोटो काढला तर चकाकी मारायची. बारा वाजता त्यानं पाटी बाहेर उन्हात आणली, घोड्यावर लावली, उजेड नीट पडल्यावर मोबाइलवर फोटो काढला आणि वाळायला तिथंच ठेवून तो प्रविणकडं गेला. अर्ध्या तासाचं तर काम. रोजची सवय. हातानं ते इतक्या वेळा केलं होतं की डोक्याला विचारलंच नाही.

प्रविणकडं गिऱ्हाइकांची गर्दी होती, कॉम्प्युटर मोकळा व्हायला वेळ लागला. दोन वाजता सोमेश्वरचा फोन वाजू लागला तो थांबेचना. गावाच्या ग्रुपवर घोड्यावरचा छबुबाईचा फोटो पडला होता. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', एकाखाली एक बेचाळीस वेळा. कुणी तरी पाकळ्याही उधळल्या होत्या.

तो धावत दुकानाशी आला तर चुलता रामहरी मोटरसायकलवरून उतरत होता. डोक्याला टॉवेल, डोळे लाल.

"कवा झालं रे? आमाला कळवायचं न्हाई का?"

"काका, माय बरी हाय. काय झालं न्हाई."

"मंग ह्ये काय हाय?"

"फॉर्मसाठी काढलंय. पुन्याला धाडायचंय."

रामहरीला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं डोक्याचा टॉवेल काढला, झटकला आणि त्यानंच सोमेश्वरला एक फटका दिला. "जित्या मायच्या गळ्यात हार घातलास? फॉर्मसाठी? पुस! आत्ताच्या आत्ता पुस ते!"

"पाच वाजंपर्यंत राहू द्या, काका. मंग पुसतो. शपथ."

रामहरी घोड्यापुढं मांडी घालून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "जित्ती हाय, जित्ती हाय. पोराचं डोकं फिरलंय, बाकी काय न्हाई." लोक सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि तरी थोडा वेळ तोंड पाडून उभे राहायचे.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता.

"सोम्या," छबुबाई म्हणाली, "मी मेले का रे?"

सोमेश्वरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हितं टोळीतल्या बाया रडाया लागल्या. म्या म्हन्लं, थांबा गं, मला बी बगू द्या मी कशी दिसते ते. तुजा बाप तर दोन येळा माज्या अंगाला हात लावून गेला."

"माय, चुकलं. लई मोठी चूक झाली."

"चूक हाय ती हायच. पर एक सांग, ह्ये कुनाला काढलंस?"

"तुलाच. तुज्या आधारवरनं."

"नाक माजं हाय. कपाळ माजं हाय. डोळं सत्यभामाचं हाय."

"असं कसं, माय?"

"मला इचारतूस? सत्यभामाला काढलं तवा तिची सासू म्हन्ली हुती, ह्ये तर त्या मेलेल्या रोहिणीचं डोळं. वस्तीवर समद्यांना ठावं हाय, तुज्या बायांचं डोळं येकच असत्यात."

"मंग कुनी बोललं कावून न्हाई?"

"मयतीच्या घरी रंगवनाऱ्यासंगं कोन भांडतंय, बाबा? तोंड तर दिसतंय भिंतीवर, लई झालं."

फोन चालू ठेवूनच तो प्रविणकडं गेला. कॉम्प्युटरवर नऊ चेहरे तीन-तीनच्या ओळीत बसले होते. त्यानं आजवर ते एकेकटेच बघितले होते, एकेका घरात, एकेका रडण्यात. आता नऊ जणी मिळून त्याच्याकडं बघत होत्या आणि त्या खरोखर एकाच डोळ्यांनी बघत होत्या. वरची पापणी धनुष्यासारखी, बाहेरचा कोपरा किंचित उचललेला, बुबुळात डावीकडं पांढरा ठिपका. हे डोळे त्यानं ओळखले. गणपतीचे होते. दर साली दीडशे मूर्तींना, पंधरा वर्षं, चार फटकाऱ्यांत तो हेच डोळे काढत आला होता. झेरॉक्सवरच्या शाईच्या डागांच्या जागी हात आपसूक तेच ठेवून मोकळा झाला होता. मागच्या वर्षी बैल, ट्रॉली आणि देवीच्या गर्दीत हे कुणाला दिसलं नसतं. त्याचं त्यालाही दिसलं नव्हतं. एकाच जातीचं काम शेजारी शेजारी लावलं आणि सगळं उघडं पडलं.

"काय झालं बे?" प्रविण म्हणाला. "दुपारचा फोटो हाय ना मोबाइलमदी? टाक आन बटन दाब. तीन वाजले."

"डोळे बघ."

प्रविणनं बघितले. "चांगले हायत की."

"सगळ्यांचे सारखेच हायत."

"मंग? पुन्यावाल्यांना वाटंल हीच तुजी श्टाइल. ते तर हेच मागत्यात."

हे खरंही असेल, असं सोमेश्वरच्या मनात आलं. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण स्क्रीनवर सत्यभामा होती. तिच्या नवऱ्यानं "चांगली हुती" एवढंच सांगितलं होतं, आणि त्या दोन शब्दांच्या भरवशावर त्यानं तिला गणपतीचे डोळे बसवले होते. तिची लेकरं रोज त्या पाटीखाली दप्तर टांगत होती.

"माय," तो फोनमध्ये म्हणाला, "तोंड दिसंल असा फोन लाव. मी दुकानात जातो. मला तुजं डोळं बगायचंय."

दुकानात त्यानं पाटी आत घेतली, टर्पेंटाइनच्या फडक्यानं दोन्ही डोळे पुसून काढले. चेहऱ्यावर दोन निळसर-करडे खड्डे पडले. रामहरी दारातून "हां, पुस, पुस" म्हणत राहिला. मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवला. छबुबाई दिसली. डोक्याला फडकं, तोंडावर पाचटाची धूळ, मागं तोडलेला फड.

"माय, स्क्रीनकडं न्हाई बगायचं. वरती बारीक भोक हाय, त्याच्यात बग."

"भोकात काय बगू? मला तू दिसत न्हाईस मंग."

"तरी बग. हालू नको."

ती बघू लागली. सोमेश्वरनं डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली आणि त्याचा ब्रश थांबला. पापणीच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ होती. तिथून पापणी थोडी ओढली गेली होती, त्यामुळं तो डोळा दुसऱ्यापेक्षा लहान दिसत होता.

"ह्ये कवा झालं?"

"काय?"

"डोळ्यापाशी. कापल्यावानी."

"ऊसाचं पान लागलं हुतं. तू धाव्वीला हुतास."

सतरा-अठरा वर्षं. दर उन्हाळ्यात ती घरी यायची, समोर बसून त्याला ताट वाढायची. तो तोंडं रंगवून पोट भरणारा माणूस होता.

त्यानं ती रेघ काढली. ओढलेली पापणी काढली. ती बुबुळ कसं अर्धं झाकते ते काढलं. पलीकडून कुणी तरी पुरुष ओरडत होता. छबुबाईनं मान न हलवता त्याला उत्तर दिलं, "आले, आले, लेकरू बगतंय मला." डावा डोळा पुरा झाला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आता उजवा, माय."

"गाडी आली रं भरायला. फोन बी टोळीतल्या वनीचा हाय, तिला निगायचंय."

"पाच मिनटं!"

"मोळ्या कोन टाकील मंग?" ती म्हणाली, आणि स्क्रीनवर आकाश आलं, मग ऊस, मग काहीच नाही. त्यानं परत लावला. लागला नाही. बापाचा लावला. बंद.

तो उजव्या खड्ड्यापुढं बसून राहिला. आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज आठवला, हात आठवले, भाकरी उलटताना बोटं कशी झटकते ते आठवलं. उजवा डोळा आठवेना. दोनदा ब्रश टेकवला आणि दोन्ही वेळा हातानं आपसूक धनुष्य काढलं. दोन्ही वेळा त्यानं ते पुसलं.

पावणेपाचला करिष्मा आली. तिनं पाटी बघितली, घड्याळ बघितलं.

"अहो, दुपारचं चित्र हाय की. त्येच धाडा ना."

"ते खोटं हाय."

"त्या नऊ बायांनी कदी तक्रार केली का?"

"त्या मेलेल्या होत्या, करिष्मा."

ती एकदम म्हणाली, "आसंच धाडा मंग. पर धाडा. उटा!"

एका डोळ्याच्या आईचा फोटो काढून तो पळाला. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा, त्याला वळसा घालून प्रविणकडं पोचला तर पाचला सहा मिनिटं होती. फोटो दोन एमबीच्या आत हवा होता, हा सहा एमबीचा. प्रविणनं शिव्या देत तो लहान केला आणि चढवायला लावला. पट्टी हळूहळू हिरवी होत गेली. सत्तर टक्के. ऐंशी. "दुपारचा ग्रुपवरचा टाकतो बे, तो लहान हाय, लगेच जाईल," प्रविण म्हणाला आणि त्यानं माऊसला हात घातला. सोमेश्वरनं त्याचा हात धरला. नुसता धरून ठेवला. पट्टी एक्याण्णववर थांबली. दोघंही तिच्याकडं बघत राहिले. मग पान आपोआप पांढरं झालं आणि त्यावर एक ओळ आली: अर्ज करण्याची मुदत संपली आहे.

प्रविणनं हात सोडवून घेतला. "जाणूनबुजून केलंस," तो म्हणाला.

सोमेश्वर "न्हाई" म्हणाला. मग "म्हाईत न्हाई" म्हणाला. नंतर फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसून तो असा रडला की दारातलं गिऱ्हाईक चप्पल न काढताच परत फिरलं. बाहेर लोकांनी समजून घेतलं की छबुबाईचं खरंच काही तरी झालंय, आणि ग्रुपवर पुन्हा श्रद्धांजल्या सुरू झाल्या. रामहरीला अंधार पडेपर्यंत फोन करावे लागले.

एक तारखेला सोमेश्वर प्रविणच्या खुर्चीत बसला. पहिलंच काम अर्जुनराव नावाच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं होतं. मधोमध अर्जुनराव, भोवती शुभेच्छुकांचे एक्केचाळीस चेहरे, मोबाइलवरून आलेले, कापून गोलात बसवायचे. पहिल्याच चेहऱ्याचे डोळे सावलीत गेले होते. सोमेश्वरनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, स्क्रीनभर एकच डोळा आला, नुसते चौकोनी ठिपके. तो पुढं वाकून त्या ठिपक्यांत काही दिसतंय का बघू लागला.

"काय करतोस बे?" प्रविण मागून म्हणाला. "अजून चाळीस राहिलेत. डोळे कोन बगतंय? नाव मोठं कर."

सोमेश्वरनं चेहरा लहान करून गोलात बसवला आणि नाव मोठं केलं.